नव्या इमारतीतली झाडं: कोणती चालतात, किती लागतात, खर्च किती येतो

पुनर्विकासाचे कागद आले की सभासद चटई क्षेत्र वाचतात, पार्किंग वाचतात, कॉर्पस फंडाचा आकडा तर दोनदा वाचतात. लँडस्केपचा नकाशा मात्र गुंडाळलेलाच राहतो. त्या नकाशाच्या कोपऱ्यात एक लहानसा तक्ता असतो: झाडाचं नाव, संख्या, लावतानाची उंची. दहा वर्षांनी अंगणात सावली असेल की नुसत्या रॉयल पामच्या रांगा, हे तिथेच ठरलेलं असतं. खर्चाचा मोठा वाटा अखेर सोसायटीवरच येतो, म्हणून हा तक्ता सही करण्याआधी वाचायला हवा.

आधी संख्या. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून दोन प्रमाणं चालत आली आहेत. ले-आउट पाडावा लागत नाही अशा भूखंडावर दर 80 चौरस मीटरला एक झाड, आणि मनोरंजनासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेच्या हिशेबाने दर 100 चौरस मीटरला पाच झाडं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेत इमारतींसाठी ज्या अटी घातल्या आहेत, त्यातही 80 चौरस मीटरला एक झाड असंच प्रमाण आहे, जागेवरची जुनी झाडं त्यात मोजायला मुभा आहे आणि देशी जातींना प्राधान्य द्या असं सांगितलं आहे. म्हणजे 1,600 चौरस मीटरच्या भूखंडाला 20 झाडं. नऊ जुनी झाडं जागच्या जागी राखली, तर नवी फक्त अकरा लावायची. तुमच्या शहराला लागू असलेली नियमावली वेगळी असू शकते, म्हणून आर्किटेक्टला कलमाचा क्रमांक विचारून तो लिहून घ्यावा.

कोणती झाडं चालतात, या प्रश्नाचं उत्तर एका कागदावर मिळत नाही. झाडांचे संरक्षण व जतन करण्याच्या 1975 च्या राज्य कायद्याने कोणत्या भागात किती आणि कोणत्या प्रकारची झाडं असावीत, याचे निकष ठरवण्याचं काम महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे दिलं आहे. त्यामुळे पहिली चौकशी उद्यान अधीक्षकांच्या कार्यालयात करायची. सध्या कोणत्या जाती मान्य आहेत, कोणत्या नाकारल्या जातात आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी झाडांची पाहणी कोण करतं, हे तिथेच विचारावं. प्रकल्पाचं बांधकाम 20,000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते. आपल्या राज्यात त्या अर्जासोबत प्रस्तावित देशी झाडांची यादी द्यावी लागते, प्रत्येक जातीची संख्या आणि तिचं पर्यावरणीय महत्त्व लिहून. मंजुरीची कागदपत्रं 'परिवेश' पोर्टलवर पाहता येतात. बिल्डरने तिथे बकुळ, कदंब, तामण लिहून दिलं असेल आणि प्रत्यक्षात उभ्या अशोकाची रांग लावली असेल, तर हातात दाखवायला कागद असतो. मोठ्या प्रकल्पात घर घेणाऱ्याने ही यादी उतरवून घ्यावीच.

जाती निवडताना

बिल्डरला कमी जागेत, लवकर उंच दिसणारी, गळती कमी असलेली झाडं हवी असतात. म्हणून उभा अशोक, बाटली पाम, कोनोकार्पस. आकडा भरतो, ताबा देताना फोटो चांगला येतो, पण माणसाला उभं राहायला सावली मिळत नाही. कोनोकार्पसवर तर गुजरातच्या वनखात्याने 2023 मध्ये बंदी घातली. त्याची मुळं जमिनीखालच्या वाहिन्यांत घुसतात आणि परागकणांचा श्वसनाच्या रुग्णांना त्रास होतो, ही त्यामागची कारणं. आपल्याकडच्या यादीत हे नाव दिसलं तर सरळ खोडायला सांगावं.

गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, पिचकारी आफ्रिकेतली. ही झाडं आता आपल्या रस्त्यांवर इतकी रुळली आहेत की ती परकी वाटत नाहीत. जुनी, धडधाकट असतील तर ती जपावीत. नव्याने लावायला मात्र मी गुलमोहर सुचवणार नाही, कारण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि पहिल्याच वळिवाला खालच्या गाड्यांवर येतात. सप्तपर्णी देशी असूनही खिडकीजवळ नको. दिवाळीच्या सुमारास ती फुलते आणि दमेकऱ्यांना तो उग्र वास सोसत नाही.

मग लावायचं काय? इमारतीच्या जवळ, तीन-चार मीटरवर, बकुळ उत्तम. सदाहरित, दाट सावली, मुळांचा उपद्रव नाही. वाढ मंद असते एवढीच अडचण, म्हणून रोप मोठंच घ्यावं. उभ्या अशोकासारखी सरळ, नेटकी रांग हवी असेल तर पुत्रंजीवा लावावा. तो देशी आहे, बारमाही हिरवा आहे आणि छाटणीने हवा तसा ठेवता येतो. फाटकाशी बहावा, पण तो फुलण्याआधी पानं गाळतो हे सभासदांना आधीच सांगून ठेवावं, म्हणजे झाड मेलं अशी ओरड होत नाही. तामण हे राज्याचं फूल. त्याला पाणी आवडतं, म्हणून ते पावसाचं पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात द्यावं. अरुंद पट्टीत कांचन किंवा सोनचाफ्याचं कलम. करंज कसल्याही जमिनीत तग धरतो. त्याच्या पानांवर गाठी येतात आणि लोक रोग समजून घाबरतात, पण झाडाला त्याने फारसं काही होत नाही. कदंब, कडुनिंब, जांभूळ यांना भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर लागतात. जांभळाखाली गाड्या उभ्या करायच्या असतील तर रोजची भांडणं ठरलेली, म्हणून ते बागेच्या बाजूला न्यावं. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांसाठी मोलाचे, पण ड्रेनेजच्या चेंबरजवळ किंवा कुंपणाच्या भिंतीला लागून कधीही नकोत. मोठं मैदान असेल तरच.

पोडियमवरच्या झाडांबद्दल वेगळं सांगावं लागेल. खाली दोन मजले पार्किंग आणि वर दीड फूट मातीत 'वृक्षराजी', असं चित्र जाहिरातीत सर्रास दिसतं. दीड फुटात झुडुपं आणि हिरवळ जगते, झाड जगत नाही. मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये स्पष्ट केलं की नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची जागा त्यात धरता येणार नाही. तुमच्या प्रकल्पाच्या नियमावलीत पोडियमला किती मुभा आहे, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या. तक्त्यातली किती झाडं खऱ्या जमिनीत आहेत तेही मोजा.

खर्चाचा हिशेब

खालचे दर पुणे-मुंबई परिसरातले ढोबळ आहेत. हंगाम, अंतर आणि मालाचा दर्जा यांनी ते वरखाली होतात, म्हणून दोन-तीन ठिकाणची कोटेशन मागवावीत.

सहा ते आठ फुटी करंज किंवा कडुनिंब 150 ते 350 रुपयांना मिळतो. बकुळ, तामण, पुत्रंजीवा 250 ते 600. दहा-बारा फुटी, मोठ्या पिशवीतलं झाड 1,000 ते 3,000 पर्यंत जातं. पुण्याजवळ सोलापूर रस्त्याला सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या पट्ट्यात नर्सऱ्या एकामागोमाग एक आहेत. तिथला बराच मोठा माल आंध्रातल्या कडियमहून येतो, म्हणून गाडीतून कालच उतरलेलं रोप न घेता महिनाभर इथल्या उन्हात थांबलेलं मागावं.

रोप कसं निवडायचं, ते नीट पाहा. नर्सरीत ते बांबूला बांधून उभं केलेलं असतं. बांधलेली सुतळी सोडायला सांगा. शेंडा कमानीसारखा खाली आला, तर ते रोप गर्दीत उजेडासाठी नुसतं लांबलेलं आहे, खोडात ताकद नाही. मग पिशवीची खालची कड थोडी फाडून बघा. मुळं तळाशी गोल गोल फिरून दोरखंडासारखी झाली असतील तर झाड पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. ते लागेल, दोन वर्षं हिरवंही दिसेल आणि मग एखाद्या वादळात मुळासकट आडवं होईल. सात फुटी असलं झाड घेण्यापेक्षा सहा फुटी, अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याचं झाड घ्यावं.

आता खड्डा. तीन फूट लांब, रुंद आणि खोल म्हणजे 27 घनफूट. साधारण चार खड्ड्यांना एक ब्रास माती लागते. बांधकामाच्या जागेवर वरची चांगली माती खोदाईत कधीच निघून गेलेली असते, खाली सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि मुरूम. त्या राडारोड्यात रोप खोचून वर लाल मातीचा थर पसरला की सगळं छान दिसतं. झाडं मरतात ती बहुतेक इथेच. खड्डा भरण्याआधी कमिटीतल्या कोणीतरी उभं राहून बघावं, ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना आहे.

वीस झाडांचा हिशेब मांडू. रोपं सरासरी 400 प्रमाणे 8,000. खड्डे 300 प्रमाणे 6,000. सव्वापाच-साडेपाच ब्रास माती, वाहतुकीसह 3,500 धरली तर सुमारे 19,000. शेणखत आणि निंबोळी पेंड 6,000. झाडाला तीन बांबू, म्हणजे साठ बांबूंचे 6,000. रस्त्याच्या कडेच्या सहा झाडांना लोखंडी संरक्षक जाळी, 1,500 प्रमाणे 9,000. एकूण 54,000 च्या आसपास. यात रोपांचा वाटा सातव्या हिश्श्याएवढाच आहे. स्वस्त रोप घेऊन वाचणारे दोन-तीन हजार नंतर दुप्पट भरावे लागतात.

पाण्याची भीती वाटते तेवढा पाण्याचा खर्च नाही. झाडाला आठवड्यातून दोनदा 20 लिटर धरलं तर वीस झाडांना आठवड्याला 800 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर बारा आठवडे पुरतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी असेल तर तेही लागत नाही. खरा खर्च माणसाचा. माळ्याच्या पगारातले महिना 3,000 झाडांच्या नावावर टाकले तरी वर्षाला 36,000 होतात. लावणीचा सगळा खर्च दीड वर्षात मागे पडतो. पहिली तीन वर्षं हा खर्च टाळता येत नाही. पुढे मुळं खोल गेली की तो उतरत जातो.

याशिवाय बऱ्याच महापालिका परवानगीच्या वेळी झाडांसाठी अनामत रक्कम घेतात आणि झाडं जगल्याची खात्री झाल्यावर परत करतात. दर झाडामागे किती, परत कधी आणि कोणाच्या नावावर, हे विचारून ठेवा. बिल्डर प्रकल्प संपवून निघून गेला आणि अनामत त्याच्या नावावर असली, तर झाडं जगवायची सोसायटीने आणि पैसे परत जायचे बिल्डरला, असं होतं.

जुनं झाड तोडायचं ठरलं तर

इथे हिशेब एकदम बदलतो. 2021 च्या दुरुस्तीने कायद्यात भरपाईची झाडं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची तरतूद आली. चाळीस वर्षांचा आंबा तोडला तर चाळीस झाडं. तीही सहा ते आठ फूट उंचीची, जिओ-टॅग केलेली आणि सात वर्षं जोपासायची. जागा नसेल तर तोडलेल्या झाडाचं मूल्यांकन करून तेवढी रक्कम भरावी लागते. झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते वारसा वृक्ष ठरतं आणि प्रकरण आणखी कडक होतं. त्याच आंब्यासाठी इमारतीचा एक कोपरा दोन मीटर मागे घेता येतो का, हे आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत विचारा. नकाशा मंजूर झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

'तोडत नाही, दुसरीकडे हलवतो' हे उत्तर ऐकलं की समाधान मानू नका. मुंबईत मेट्रो-3 साठी हलवलेल्या झाडांपैकी मोठा भाग मेला. पुनर्रोपणाचा प्रस्ताव असेल तर नवी जागा, काम करणारी संस्था आणि झाड मेल्यास भरपाई कोण करणार, हे लेखी घ्या.

राखलेल्या झाडाचा बुंधा पेव्हर ब्लॉकने आवळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्या अंगणातही निदान तेवढं अंतर सोडावं.

विकास करारनाम्यात झाडांसाठी एक स्वतंत्र परिशिष्ट जोडून घ्या. त्यात जातींची नावं मराठी आणि शास्त्रीय दोन्ही असावीत, कारण नुसतं 'अशोक' लिहिलं की सीता अशोकाच्या जागी उभा अशोक येतो. लावतानाची उंची आणि बुंध्याची जाडी, खड्ड्याचं माप, जमिनीतली आणि पोडियमवरची संख्या वेगवेगळी, मेलेलं झाड तीन वर्षांपर्यंत त्याच जातीने आणि त्याच उंचीने बदलून देण्याची जबाबदारी, अनामत परत मिळाल्यावर ती सोसायटीकडे वर्ग करण्याची अट, एवढं तरी असू द्या. लावणीची तारीखही घाला: जून अखेर ते जुलै. ताबा मार्चमध्ये द्यायचा म्हणून फेब्रुवारीत झाडं लावली जातात आणि एप्रिल-मेच्या उन्हात निम्मी वाळतात. पाहणीपुरती झाडं हवीच असतील तर ती कुंड्यांत ठेवू द्या. खऱ्या लावणीचे पैसे मात्र जुलैपर्यंत सोसायटीच्या खात्यात वेगळे जमा करून घ्या.