धातूंचे भाव आणि टक्क्यांचे गणित

शहापूरच्या बाजारात जुनी डेग मोडीत घालणारी गृहिणी असो वा उद्यमबागेत ओतकाम करणारा लहान कारखानदार, धातूच्या चढ-उताराची झळ दोघांनाही लागते. परंतु 'इतके टक्के चढला, इतके उतरला' या बोलण्याचा अर्थ लावताना पुष्कळजण फसतात. यासाठी आम्ही येथे एका वर्षाचे उदाहरण घेत आहोत.

बेळगावच्या हिंदाल्को कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना बनतो. ॲल्युमिनियम धातूचा जागतिक भाव मात्र १८७७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या धातुबाजारात ठरतो. २०२२ साली त्याची मासिक सरासरी दर टनास, ठोकळ मानाने, येणेप्रमाणे होती : जानेवारी ३,०००, मार्च ३,५००, जुलै २,४००, सप्टेंबर २,२२५ व डिसेंबर २,४०० डॉलर.

२४ फेब्रुवारीस रशियाने युक्रेनवर स्वारी केली. रशिया या धातूचा मोठा उत्पादक असल्याने पुरवठा अडेल या भीतीने तेजी आली. पुढे अनेक देशांनी व्याजाचे दर वाढविले, चीनमधील मागणी मंदावली आणि भाव कोसळला.

आता गणित पाहू. मार्च ते सप्टेंबर भाव १,२७५ डॉलरने, म्हणजे सुमारे ३६ टक्के उतरला. तो पुन्हा ३६ टक्के चढला, तर पूर्ववत होईल काय? नाही. २,२२५ चे ३६ टक्के ८०१ होतात; भाव ३,०२६ वरच थांबेल. ३,५०० गाठण्यास ५७ टक्के चढ हवा. कारण टक्का ज्या रकमेवर काढावयाचा, ती रक्कमच लहान झाली.

दुसरी गोष्ट रुपयाची. जानेवारीत डॉलर सुमारे ७४॥ रुपये होता, डिसेंबरात ८२॥. त्यामुळे वर्षात डॉलरमध्ये २० टक्के उतरलेला भाव आपल्या रुपयात ११ टक्केच उतरला.

मार्चमध्ये कर्ज काढून माल भरणाऱ्याचे सहा महिन्यांत सुमारे एकतृतीयांश भांडवल बुडाले असते, व्याज निराळेच. उलट, जानेवारीच्या भावाने काम अंगावर घेऊन मार्चमध्ये धातू विकत घेणाराही तोट्यात गेला असता. म्हणून दराच्या कागदावर धातूचा भाव, तारीख व मुदत अवश्य लिहावी.

घरातील मुलांनी पुढील उदाहरण सोडवावे : त्याच वर्षी तांबे मार्चमधील सुमारे १०,२०० डॉलरवरून जुलैत ७,५०० वर आले. उतार किती टक्के? आणि पूर्ववत होण्यास चढ किती हवा? (उत्तर : सुमारे २६॥ व ३६.)