नवं घेण्याआधी कॅबिनेट उघड

नाशिक,
जानेवारी २०२६

चि. तन्मय यास,


तू पाठवलेलं वापीच्या दुकानाचं कोटेशन पाहिलं. गेमसाठी अठ्ठ्याहत्तर हजारांचा नवा कॉम्प्युटर, त्यातले चाळीस आत्ता द्यायचे आणि बाकीचे हप्त्यांनी. हे चाळीस हजार माझ्या दादाने मसाटच्या कारखान्यात रात्रपाळ्या आणि ओव्हरटाइम करून बाजूला टाकलेत, हे तुलाही ठाऊक आहे. त्यामुळे फोनवर 'घे' किंवा 'नको' एवढं सांगून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. कॉलेजच्या लॅबमधली मशिनं सांभाळणं हेच माझं रोजचं काम, तेव्हा याबाबत तुला नीट सांगता येईल.

आधी माझं मत ऐक. तुझं मशीन टाकून देण्याजोगं झालेलं नाही, आणि हप्ते बांधून घेऊ नयेत. 'नो कॉस्ट' म्हणत असले तरी रोखीवरची सूट हातची जाते, व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. मशीन का टाकायचं नाही, ते आता सांगते.

मशीन ठेवायचं की बदलायचं हे बहुतेक वेळा मदरबोर्ड ठरवतो. तुझा बोर्ड बी४५०, त्यावरचा सॉकेट एएम४. रायझन २०१७ साली याच सॉकेटवर आला आणि एएमडीने पुढे कित्येक वर्षं तो बदलला नाही. तुझा रायझन ५ २६०० हा २०१८चा प्रोसेसर. बायोस अपडेट केलं की त्याच जागी २०२२चा रायझन ५ ५६०० बसतो, गेमसाठी खास काढलेला ५७००एक्स३डीसुद्धा चालतो. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. इतकी वाट पुढे मोकळी असताना सगळंच उचलून फेकायचं कशाला?

तुझ्या आमलीतल्या मित्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच्याकडे चौथ्या पिढीचा आय५ आणि एच८१ बोर्ड आहे. त्या सॉकेटवर फार तर जुना आय७ मिळेल, तोही वापरलेला. रॅम डीडीआर३, म्हणजे ती पुढच्या मशीनला लागणार नाही. शिवाय विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्याने त्या मशीनवर आणखी एक रुपयाही घालू नये, असं त्याला माझ्या नावाने सांग. तुझा २६०० विंडोज ११च्या यादीत बसतो. बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करून घे, विंडोज ११वर व्हॅलोरंटलाही ते लागतं.

दुकानदार म्हणाला, 'जुन्यात पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं.' त्याने हे कॅबिनेट उघडून, मोजून सांगितलं होतं का? आधी मोज. आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक आणि गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसतील असं कर. ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, रॅम, कार्डाची मेमरी आणि तापमान, एवढं दिसलं पाहिजे. कार्ड सतत सत्त्याण्णव-शंभर टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डाची. कार्ड साठ-सत्तरवर रेंगाळतंय, एखाददुसरा कोअर शंभराला टेकलाय आणि गेम तरी अडखळतोय, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पीवर आण. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दमलेलं होतं, आणि जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. हे दोन वेगळ्या गेममध्ये करून बघ. व्हॅलोरंट प्रोसेसरवर जोर देतो, मोठ्या जगाचे नवे गेम कार्डावर, त्यामुळे एकाच गेमवरून निकाल लावू नकोस.

मला मोजण्याआधीच एक संशय आहे. तुझ्याकडे आठ जीबीची एकच रॅमची पट्टी आहे. गेम, डिस्कॉर्ड आणि ब्राउझर मिळून ती भरते आणि मग विंडोज उरलेलं हार्ड डिस्कवर ढकलतं. फिरणारी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच देते, आणि तुकड्या-तुकड्यांत वाचायचं असेल तर त्याहून खूपच कमी. तू ज्याला 'लॅग' म्हणतोस तो थोडासा इथला असावा. त्याच जातीची दुसरी आठ जीबीची पट्टी घे. प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही लाव म्हणजे ड्युअल चॅनेल चालू होईल, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू कर. रायझनला रॅमच्या वेगाचा फायदा बराच होतो.

रॅम सध्या महाग आहे, हे खरं. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्याकडे कंपन्या वळल्या, २०२५च्या शेवटाला भाव चढले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या मशीनला डीडीआर५ लागते, म्हणजे ती सगळी नव्या भावाने घ्यायची. तुला डीडीआर४ची एकच पट्टी लागते. ती सेकंडहँड घेतलीस तरी चालेल, घरी आणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालव. विंडोज आणि रोजचे गेम एसएसडीवर हलव, साधी साटा एसएसडीही सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास देते.

या सगळ्याआधी कॅबिनेट साफ कर. दमणगंगेच्या काठचा तुमचा पावसाळा दमट, उरलेले महिने रस्त्याची धूळ, आणि २०१९च्या दिवाळीत लावलेली थर्मल पेस्ट अजून तीच. प्रोसेसर नव्वदच्या पुढे जात असेल तर तो स्वतःचा वेग उतरवतो, मग नवं काही घातलं तरी तोच प्रकार. पंखे ब्रशने झाड, पेस्ट नवी लाव. हे काम शंभर-दोनशे रुपयांत होतं.

आता कार्ड. तुझं जीटीएक्स १६५० एप्रिल २०१९चं, चार जीबीचं. डिसेंबर २०२४चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५चा डूम तुला खेळायचेत, पण ते दोन्ही कार्डात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असेल तरच चालतात, आणि जीटीएक्समध्ये ते नाही. सेटिंग कितीही खाली आणलंस तरी उपयोग नाही. त्यांच्या किमान गरजेत आरएक्स ६६०० लिहिलंय. तेव्हा आठ जीबीच्या आतलं कार्ड घेऊ नकोस आणि बावीस हजारांच्या वर जाऊ नकोस. स्वस्तात आरएक्स ६५०० एक्सटी पुढे केलं तर नको म्हण. त्याला चारच लेन आहेत, तुझा बोर्ड पीसीआयई ३.०चा, आणि अशा बोर्डावर ते कार्ड फार मार खातं. तुझा मॉनिटर १०८०पी आणि साठ हर्ट्झचा आहे, साठच्या वरच्या फ्रेम तो दाखवू शकत नाही. एवढ्याला महागडं कार्ड लागत नाही.

पण कार्ड घेण्याआधी पॉवर सप्लाय बदल, हे मी आग्रहाने सांगते. कॅबिनेटसोबत आलेला, पाचशे वॅट छापलेला तो हलका डबा. तुझं १६५० पंचाहत्तर वॅटचं, स्लॉटवरूनच वीज घेणारं, म्हणून आजवर निभावलं. आरएक्स ६६०० एकशे बत्तीस वॅट घेतं आणि त्याला आठ पिनची वेगळी वायर लागते. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ, साडेपाचशे वॅटचा सप्लाय घे आणि त्यासाठी पाच हजारांपर्यंत बाजूला ठेव. स्वस्त सप्लाय जळताना बोर्ड, कार्ड सगळं घेऊन जातो, हे मी लॅबमध्ये पाहिलंय. हा सप्लाय पुढच्या मशीनलाही चालेल.

खरेदीला मुंबईला जायचं ठरलं तर वापीहून सकाळची फ्लाइंग राणी पकड. मुंबई सेंट्रलला उतरलास की लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात. एका दुकानात भाव ऐकून लगेच पैसे काढायचे नाहीत. पक्कं बिल घे, त्यावर सिरियल नंबर लिहून घे. 'कच्च्या बिलात हजार कमी' म्हणाले तर तिथून निघ, वॉरंटीसाठी भांडायला हातात काहीच राहत नाही.

वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर जास्त सावध राहा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि दिवस-रात्र राबलेली कार्डं बाजारात आली. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवलेलीही असतात. जीपीयू-झेड उघडून नाव, मेमरी, शेडर तपास, आणि वीस मिनिटं भार देऊन तापमान बघ. विकणारा एवढं करू देत नसेल तर सौदा सोड.

प्रोसेसर यंदा नको. रॅम, एसएसडी, सप्लाय आणि कार्ड झाल्यावर पुन्हा मोज. तेव्हाही प्रोसेसर अडवत असेल तर पुढच्या वर्षी ५६०० बघू. बायोस अपडेट यूपीएसवरच करायचं, मधे वीज गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो.

शनिवारपर्यंत मला तीन फोटो पाठव: पॉवर सप्लायच्या बाजूचं स्टिकर, बोर्डावरचं मॉडेलचं नाव, आणि दोन्ही गेममधले ते आकडे. स्टिकरवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचता येईल असा फोटो काढ. ते बघून मी यादी करून देते, ती घेऊन दादासोबत बस आणि मगच पैसे काढ.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या