रावळपिंडीचे शिपाई आणि फवारणीचे मजूर

मस्टर्ड वायू हा नावाने वायू असला तरी मूळचा तेलकट द्रव होय. १९१७ च्या जुलैत बेल्जममधील ईप्र येथे जर्मनांनी तो प्रथम वापरला. अंगास लागला असता त्या क्षणी काहीच दुखत नाही. कित्येक तासांनी कातडी लाल होते, मग फोड उठतात. काख, जांघ अशा घामाच्या जागी इजा अधिक होते. पुढे कर्करोगाचीही भीती असते.

हिंदी माणसाच्या कातडीवर याचा परिणाम गोऱ्यापेक्षा अधिक होतो काय, हे पाहण्यासाठी इंग्लंडातील पोर्टन डाऊनच्या लष्करी शास्त्रज्ञांनी १९३० नंतर लवकरच रावळपिंडीस प्रयोग आरंभिले. ते दहा वर्षांहून अधिक काळ चालले. शेकडो हिंदी शिपायांवर ते झाले. कित्येकांस अर्धी चड्डी व सुती सदरा एवढ्यावर वायूच्या कोठडीत धाडले. एकाचा मुखवटा घसरला व डोळे, चेहरा भाजून निघाला. भाजलेल्यांची संख्या मोठी असल्याचे १९४२ साली शास्त्रज्ञांनीच नमूद केले आहे. पुढे या शिपायांची विचारपूस झाली नाही. २००७ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने जुनी कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा लोकांस हे कळले. हुकमाच्या ताबेदारास नाही म्हणण्याची मुभा कितीशी असणार?

आम्ही हयात महसुली दप्तरात घालविली. ज्याची नोंद नाही त्याचा दावा उभा राहत नाही. अमेरिकेतही अशा प्रयोगांतील सैनिकांस गुप्ततेची ताकीद होती. म्हातारपणी भरपाई मागताना तीच त्यांस आडवी आली.

शेतकऱ्यास याचे काय, असे कोणी म्हणेल. श्राडर नामक जर्मन रसायनज्ञ कीटकनाशक शोधीत असता १९३६ साली त्याच्या हाती टाबून हा मज्जाघातक विषारी वायू लागला. आपली कित्येक फवारणीची द्रव्ये त्याच कुळातील आहेत. त्यांस आपण 'औषध' म्हणतो, हे आम्हांस नेहमी खटकते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली.

भिवंडीकडे भातावर तुडतुडे पडले की आपण मजुराच्या पाठीवर पंप देतो. ते विष आहे व कातडीतूनही शिरते, हे त्यास आधी स्पष्ट सांगावे. उघड्या अंगाने किंवा वाऱ्याच्या तोंडावर फवारू देऊ नये. कपडे भिजल्यास ते तत्काळ उतरवून साबणाने अंग धुवावे. घाम, लाळ सुटली, डोळ्यांची बाहुली बारीक झाली, तर बाटलीवरील चिठ्ठीसह त्यास दवाखान्यात न्यावे. या कुळातील विषावर अॅट्रोपीन देतात; द्रव्याचे नाव कळल्यास डॉक्टरांचा वेळ वाचतो.