थेंब न पडणारी गळती

जुन्या गाडीखाली पेट्रोल सांडलेलं दिसलं की माणूस धावपळ करतो. जमीन कोरडी असेल तर निर्धास्त राहतो. आमच्या घरच्या 1982 च्या प्रीमियर पद्मिनीने माझा हा निर्धास्तपणा कायमचा घालवला.

गाडी घाटात दम सोडायची. चढावर झटके द्यायची आणि सपाटीला आली की पुन्हा सुरळीत चालायची. खाली एक थेंब नाही. गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडला गेला, जेट साफ झाले, प्लग आणि पॉइंट बदलले, तरी फरक पडला नाही. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी टाकीजवळचा रबरी होज हातात धरून वाकवला. वाकवल्यावर त्याच्यावर बारीक भेगांचं जाळं उघडलं.

या गाडीत टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर असतो. कॅमशाफ्टच्या धक्क्याने पंपाचा पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीची. तिथे चीर पडली तर गाडी चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, आणि पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज चढावर असल्यामुळे तिथेच गाडी गुदमरते. गाडी उभी राहिली, त्यातून टाकी भरलेली असली आणि नाक उताराकडे असलं, की त्याच चिरेतून पेट्रोल पाझरू लागतं. पंपाच्या पुढची लाइन दाबाची. दाब फार नसतो, साधारण तीन-चार पीएसआय, पण तिथली गळती सरळ तापलेल्या इंजिनावर होते. पहिली गळती तुम्हाला रस्त्यात उभं करते, दुसरी गाडी पेटवू शकते.

आणखी एक गळती असते, ती तर कधीच बाहेर दिसत नाही. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, ऑइल पातळ लागलं, त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी त्या क्षणी बंद ठेवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आमचा होज बदलायच्या आधीच्या एका रात्री बंद शेडमध्ये पेट्रोलचा वास कोंडला होता. मी मिस्त्रींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आधी दिव्याच्या बटणाला हात लावू नका. दार उघडा, गाडी ढकलून बाहेर घ्या, स्टार्टर मारू नका." हे वाक्य प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल उणे 40 अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि सर्व्हिसच्या खड्ड्यात साचते. तिला बटणाची ठिणगी पुरते. खड्ड्यात उतरून हातातल्या पिवळ्या बल्बने लाइन तपासणं म्हणूनच धोक्याचं. बल्ब हातातून निसटून फुटला की संपलं.

हल्ली या तक्रारी वाढल्या त्यालाही कारण आहे. देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. पद्मिनी, अॅम्बेसेडर या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, मग वाळून तडकतं. इथेनॉल हवेतलं पाणीही शोषून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि लोखंडी नळी आतून गंजते. शिवाय टाकीच्या तळाशी साचलेला जुना चिकट थर सुटून फिल्टरमध्ये येतो. नव्या होजबरोबर फिल्टर बदला आणि पुढचे काही आठवडे त्याच्यावर नजर ठेवा.

होज घेताना "पेट्रोलचा पाइप द्या" एवढं म्हणून भागत नाही. त्यावर एसएई जे30 आर9 असं छापलेलं पाहा. त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला दाद देत नाही. दुकानदार मीटरवर कापून देतो तो पारदर्शक प्लास्टिकचा पाइप स्वस्त आणि दिसायला स्वच्छ असतो, पण पेट्रोलने तो काचेसारखा कडक होतो आणि उष्णतेने क्लिपखालून निसटतो. तो मी गाडीत राहू देत नाही. एकच तुकडा बदलूनही समाधान मानू नका. एक होज तडकला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही तडकण्याच्या बेतात असतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे बदला.

लोखंडी नळी गंजली असेल तर तिचा खराब भाग कापून मध्ये रबर जोडण्याचा मोह होतो. गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या, डोळ्यांआड राहणाऱ्या भागात असा जोड नकोच. ब्रेकच्या नळ्या वळवून देणारा कारागीर त्याच मापाची स्टीलची किंवा तांबे-निकेलची नळी करून देतो. निव्वळ तांब्याची नळी वळवायला सोपी असते, पण इंजिनाच्या कंपनाने ती कालांतराने कडक होऊन चिरते. नळीच्या टोकाला बारीक उंचवटा काढून घ्या, म्हणजे होज सरकत नाही. क्लिप गोल कडेची वापरा. धारदार पट्टीची क्लिप जोरात आवळली की रबर कापते. पत्र्यातून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच आणि सायलेन्सरपासून अंतर हवं.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढा, काम उघड्यावर करा, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. टाकी रिकामी करताना पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये घ्या. प्लास्टिकच्या बादलीत ओतताना स्थिर वीज साठते. आणि टाकीलाच भोक असेल तर साबण किंवा एपॉक्सी लावून दिवस काढू नका, वेल्डिंगला तर मुळीच देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. जळणाऱ्या टॉर्चने तिचा स्फोट होतो. टाकी धुऊन, वाफ पूर्ण काढून, मगच काम करणारा जाणकार शोधा, नाहीतर नवी टाकी घ्या.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन चालू करून प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद टेकवा. गाडी तापून थंड झाली की पुन्हा टेकवा, कारण पहिल्या उष्णतेनंतर रबर बसतं आणि क्लिप सैल पडतात. मग आठवड्याने एकदा पाहा. होज बदलल्याचा महिना आणि वर्ष बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला त्याचा उपयोग होईल.