त्या विषाणूला वेळ लागतो

आधी एक गोष्ट नीट ऐक, बयो. तुझ्या रिपोर्टवर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' लिहिलंय. कॅन्सर झालाय असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी एक विषाणू सापडलाय, एवढाच त्याचा अर्थ. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की संसार करणाऱ्या बहुतेक बायकांच्या अंगात तो कधी ना कधी येऊन जातो. ताप नाही, दुखणं नाही, पत्ताही लागत नाही. दहातल्या नऊजणींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला आपणच हुसकून लावतं. उरलेल्या एकीनं काय करायचं, तेच तुला सांगायला बसलेय.

पण त्याआधी तुझ्या नवऱ्याबद्दल, प्रकाशरावांबद्दल. तू फोनवर तोंडानं विचारलं नाहीस, पण मला कळलं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरं आहे. तो कधी आला, हे मात्र कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. अंगात तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला पंधराव्या वर्षी सापडू शकतो. पुरुषांसाठी अशी तपासणी प्रचारातही नाही. तेव्हा त्या कागदावरून घरात चौकशी बसवू नकोस, स्वतःला तर अजिबात दोष देऊ नकोस. माझी सगळी नोकरी बायकांच्या वॉर्डात गेली. लाजेपायी गप्प बसलेल्या आणि फार उशिरा आलेल्या बाया मी पाहिल्यात, म्हणून इतकं ठासून सांगते.

आपल्या आईच्या पिढीला तर हेही माहीत नव्हतं की कॅन्सर विषाणूमुळे होऊ शकतो. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांचा संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन मात्र म्हणत राहिले, की हे काम चामखीळ आणणाऱ्या विषाणूंच्या कुळातल्या कुणाचं तरी आहे. १९८३ साली त्यांच्या प्रयोगशाळेला कॅन्सरच्या गाठीत एचपीव्हीचा सोळावा प्रकार सापडला आणि पुढच्या वर्षी अठरावा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या दर दहा रोग्यांपैकी साधारण सातजणींना तो या दोन प्रकारांमुळेच होतो. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

तो करतो काय, तेही समजून घे. समजलं की भीती निम्मी होते. आपल्या पेशीत राखणदार प्रथिनं असतात. पी५३ नावाचं एक प्रथिन बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही. आरबी नावाचं दुसरं, पेशीला विनाकारण दुभंगू देत नाही. हा विषाणू स्वतःची दोन प्रथिनं तयार करतो, ई६ आणि ई७. ई६ पहिल्या राखणदाराचा नायनाट करतं, ई७ दुसऱ्याला निकामी करतं. तरीही लगेच कॅन्सर होत नाही. पेशींचं रूप आधी थोडं बदलतं, मग आणखी थोडं. कित्येकदा त्या मागे फिरून नीटही होतात. खरा कॅन्सर व्हायला बहुधा दहा, पंधरा, कधी वीस वर्षं लागतात. ही सगळी वर्षं आपल्याला मिळतात गं! तरीही आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या जवळपास जातात. दहा-वीस वर्षं सवड देणाऱ्या आजारानं इतक्या बायका दगावाव्यात, हे मला आजही पचत नाही.

आता तुझी पुढची पायरी कॉल्पोस्कोपीची. त्यात काय होतं, ते मी पाहिलंय तसं सांगते. टेबलावर पाठीवर झोपवतात, आतलं दिसावं म्हणून एक साधन बसवतात. ते गार लागतं, जरा अवघडल्यासारखं होतं. श्वास सोडून अंग सैल ठेवलंस की त्रास कमी. मग कापसाच्या बोळ्यानं गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो आणि पेशी बदललेल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. कॉल्पोस्कोप म्हणजे तो डाग मोठा करून दाखवणारी दुर्बीण. शंका वाटली तर तिथला तांदळाएवढा तुकडा तपासायला पाठवतात. पेशी बदललेल्या निघाल्या तर तेवढाच भाग उष्णतेनं जाळतात किंवा तारेनं कापून काढतात. बहुतेकजणी त्याच दिवशी घरी जातात. गर्भाशयाची पिशवी जागेवर राहते.

पिशवीचं नाव मुद्दाम काढलं. तुझी शेजारीण म्हणाली ना, पिशवीच काढून टाक म्हणजे कटकट मिटली? अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावरून कॅन्सरची भीती घालून आपल्याकडे किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, माहितेय? बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशीही न ओलांडलेल्या बाया होत्या त्यांत. बीजकोशही गेले की पाळी अवेळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात, आणि त्यावर पुन्हा उसाची मोळी डोक्यावर घ्यायचीच असते. मला त्याचा फार संताप येतो. तुकडा तपासल्याशिवाय कुणी पिशवी काढायचं बोललं, तर सरळ उठून ये.

आणि या तपासणीचा उपयोग होतो का, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा हॉस्पिटलच्या बरोबरीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गावोगाव जाऊन हे काम केलं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्या अभ्यासात होत्या. काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काहींत व्हिनेगरची, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे पेशींचा नमुना घेऊन तपासणं, आणि काही गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ साली निकाल छापून आला. जिथे एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती, तिथे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. शेतातल्या बायांनी जगाला दाखवून दिलेली गोष्ट आहे ही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलनं नुसत्या व्हिनेगरच्या तपासणीचा असाच मोठा अभ्यास केला. तिथेही मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले.

आता तुझ्या लेकीचं, आपल्या चिऊचं. ती अकरा वर्षांची आहे, लशीसाठी हेच वय. विषाणूशी गाठ पडायच्या आधी लस मिळाली तरच तिचा पुरता उपयोग. तुझ्या अंगात आत्ता असलेला विषाणू लस घालवू शकत नाही, पण चिऊच्या अंगात तो ठाण मांडू नये एवढं ती करते. तुझ्या सासूबाई म्हणतात, पुढे मूल होणार नाही. त्यांना शांतपणे सांग, लशीत विषाणू नसतोच. त्याच्या वरच्या आवरणासारखी पोकळ प्रथिनं असतात, आत जनुकं नाहीत. त्यानं गर्भधारणेला बाधा येत नाही. आंध्र आणि गुजरातेत मुली दगावल्याचं त्यांनी ऐकलंय, तेही खोडून काढू नकोस. २०१० साली तसं झालं होतं, आणि आईबापांची संमती नीट घेतली नव्हती हा दोष खराच होता. मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचं मात्र चौकशीत निघालं. कुणी बुडून गेली होती, कुणी साप चावून.

त्या गदारोळात एक वेगळाच अभ्यासही अर्ध्यावर थांबला. बार्शी आणि पुण्यासह देशात ठिकठिकाणी मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे ठरले होते, पण हजारो मुलींना एकच मिळाला. डॉक्टरांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ साली निष्कर्ष छापला: सोळा आणि अठरा प्रकारांचा चिवट संसर्ग टाळायला एक डोसही सुमारे ९५ टक्के परिणामकारक. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून एक डोसही चालेल म्हणते, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या या मुलीही आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळतेय. चिऊला एक की दोन डोस, ते बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरव, पण वर्ष घालवू नकोस. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तिचीही तपासणी व्हायलाच हवी.

तुझ्या जावेचे दिवस भरत आलेत ना? तिलाही एक सांग, कारण कॅन्सर करणारा विषाणू हा एकटाच नाही. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत कावीळ बी ची लस टोचली गेली का, हे स्वतः विचारायचं. तो विषाणू आईकडून बाळाला लागला तर बहुधा जन्मभर यकृतात राहतो आणि पुढे यकृताचा कॅन्सर करू शकतो. तैवाननं १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर खूप खाली आला. दादाच्या जुनाट ॲसिडिटीचाही विषय एकदा डॉक्टरांकडे काढा. हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू पोटात अल्सर करतो, काहींना पुढे कॅन्सरही. तो तपासता येतो आणि गोळ्यांनी जातो.

तुझी तारीख पाळीच्या दिवसांत येणार नाही, अशी घे. आदल्या दिवशी संबंध नकोत, आतून औषध लावू नकोस. हा रिपोर्ट बरोबर ठेव. आणि वन्संना घेऊनच ये. त्या पंचेचाळिशीच्या झाल्या, त्यांची तपासणी अजून एकदाही झालेली नाही.