‘खाऊन राह्यलो’ला फळ्यावर जागा दे

पोरी, सोमवारपासून तू धामणगावात इंग्रजीच्या तासाला उभी राहशील. हाच विषय शिकवण्यात माझा जन्म गेला. जे मला फार उशिरा उमगलं, ते तुला पहिल्या दिवसाआधीच सांगून ठेवते.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की दंड होता. एक मुलगी वर्षभर ‘येस टीचर’ आणि ‘नो टीचर’ एवढंच बोलली. मी तिला कच्ची समजत होते. मग बाजाराच्या दिवशी ती आईच्या भाजीच्या दुकानावर दिसली. खेड्यातून आलेल्या बाईशी वऱ्हाडीत, मारवाडी गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलत होती, नजर तराजूवर आणि हिशेब तोंडपाठ. मला पाहिलं आणि तिची जीभ टाळूला चिकटली. दोन भाषा लीलया बोलणाऱ्या लेकराला मी मुकं केलं होतं. त्या दिवशी दंड बंद केला. माझा सगळा कानमंत्र तिथूनच सुरू होतो: मुलांच्या तोंडी जी भाषा आहे, ती तुझं पहिलं साधन.

वऱ्हाडीतच व्याकरण आहे. ‘आय ईट’ आणि ‘आय अ‍ॅम ईटिंग’ यांतला फरक पुस्तकी व्याख्येनं कळत नाही. आपली पोट्टी मात्र तो फरक रोज बोलतात. ‘मी भाकर खातो’ ही रोजची सवय, ‘मी भाकर खाऊन राह्यलो’ हे आत्ता चाललेलं काम. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिही, शेजारी इंग्रजी लिही. ‘खाऊन’पुढे ‘ईटिंग’ आणि ‘राह्यलो’पुढे ‘अ‍ॅम’ आलं की मुलं आपणहून हसतात, कारण ते त्यांचंच असतं. याच वाटेनं एक नेहमीची चूकही सुटते. ‘मले माहीत होऊन राह्यलं’ असं कोणी म्हणतं का, विचार. म्हणत नाही. मग ‘आय अ‍ॅम नोइंग’ही म्हणायचं नाही.

क्रियापद हातानं हलवू दे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, इंग्रजीचं मधे. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर शब्द लिहून पट्ट्या काप. ‘राजू’, ‘आंबा’, ‘खातो’ अशी तीन मुलं ओळीनं उभी कर. इंग्रजी म्हणायची वेळ आली की ‘खातो’वाल्यानं चालत मधे यायचं. ‘डब्यावर’मधला ‘वर’ असाच उठून ‘डब्या’च्या पुढे जातो आणि ‘ऑन द बॉक्स’ होतं. ‘द’ची पट्टी मात्र वेगळ्या रंगाची ठेव. तिला मराठीत जोडीदार नाही, म्हणून ती सारखी हरवते.

आवाज घरातूनच काढ. ‘चमचा’ म्हणताना सुरुवातीला जो ‘च’ येतो, तोच ‘कॅट्स’च्या शेवटी आहे. ‘जवळ’चा ‘ज’ थोडा लांबवला की ‘झू’चा पहिला आवाज हाती लागतो. ‘व्हॅन’ आणि ‘वन’साठी छोटा आरसा ने. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. मुलांना ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मराठी एकदाच, मोजून. दंड बंद केल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले आणि ओळ न् ओळ मराठीत सांगू लागले. मुलं इंग्रजी ऐकेनाशी झाली, मराठीची वाट पाहत बसली. तू तसं करू नकोस. वेल्समधल्या सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली द्विभाषिक पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्यातला क्रम मला फार उपयोगी पडला. चित्र दाखव, इंग्रजी वाक्य म्हण, अर्थ मराठीत एकदा सांग, लगेच पुन्हा इंग्रजी वाक्य म्हण आणि मुलांकडून म्हणवून घे. दुसऱ्या दिवशी मराठी गाळ.

सेमी-इंग्रजीची वही दोन रकान्यांची कर. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारी मुलं शब्द घोकतात आणि अर्थ सांडतात. ‘पॅरलल’ पाठ असतं, म्हणजे काय ते माहीत नसतं. शेजारी ‘समांतर’ लिहायला लाव. सम अंतर! मग त्यांना आपल्या स्टेशनजवळचे रूळ आठवायला सांग. नागपूरकडे पाहा की बडनेऱ्याकडे, दोन रुळांमधलं अंतर तेवढंच. ‘फोटोसिंथेसिस’शेजारी ‘प्रकाशसंश्लेषण’ आलं की शब्दात प्रकाश दिसतो. अवघड वाटणारा मराठी शब्द पुष्कळदा व्याख्याच असतो.

साधनांवर पैसा घालू नको. स्टेशनचा फलक वाचायला सांग. एकच गाव दोन लिप्यांत कसं लिहिलंय, ‘धा’साठी किती इंग्रजी अक्षरं लागली, यावर अख्खा तास जातो. गाडीची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते. ती ऐकून वेळ आणि फलाट क्रमांक टिपून आणणं हा उत्तम गृहपाठ. बिस्किटाचे पुडे, बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या डब्या जमव. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि इंग्रजी गोष्टी मोफत आहेत. एकच गोष्ट आधी मराठीत सांग, मग इंग्रजीत वाच. तुझ्या स्वतःसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. १८३१चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची, आणि शिकागो विद्यापीठानं तो इंटरनेटवर खुला ठेवलाय. त्यातली इंग्रजी जुनी आहे, एवढं भान ठेव.

चूक लगेच पकडू नको. मूल बोलत असताना मधे तोडलं की ते पुढच्या वेळी बोलत नाही. त्याचं पूर्ण होऊ दे. मग तेच वाक्य बरोबर करून तू सहज म्हण. वहीत मात्र एका वेळी एकाच प्रकारची चूक तपास.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. तुझ्या वर्गातल्या कित्येकांच्या आईबापांच्या वाट्याला ते इतकं लवकर आलं नव्हतं. घरी विचारायला कोणी नसतं, म्हणून घरच्या बोलीचा धागा तूच धरून ठेवायचा.

सोमवारी फळा मधोमध आखून घे. डाव्या बाजूला मुलांनी सांगितलेली त्यांच्या घरची दहा वाक्यं लिही, जशीच्या तशी, ‘मले’ आणि ‘काऊन’सकट. उजवी बाजू वर्षभर हळूहळू भरत जाईल. डावी मात्र पुसू नकोस.