राष्ट्रपतींची निवडणूक आणि सिंधुदुर्गाचे मतमूल्य

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मालवणचा मतदार स्वतः मत देत नाही. त्याच्या वतीने ते देतात त्याचे निर्वाचित आमदार व खासदार. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी व पुन्हा १,००० ने भागले असता १७५ हा आकडा येतो. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, आमदाराचे मत अवघे २० मूल्याचे. कारण तेथे एका आमदारामागे माणसेच सुमारे वीस हजार धरलेली आहेत.

१९ जुलै २००७ रोजी झालेल्या मतदानात महाराष्ट्राचे वर्तन लक्षणीय ठरले. श्रीमती प्रतिभा पाटील व श्री. भैरोसिंह शेखावत यांच्यात लढत होती. भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा शेखावतांना होता. त्याच आघाडीतील शिवसेनेने मात्र मराठी उमेदवार म्हणून श्रीमती पाटील यांना पाठिंबा दिला. काँग्रेस, राष्ट्रवादी व शिवसेना या तिघांचे मिळून २००४ च्या निवडणुकीत २०२ आमदार आले होते. तेव्हा राज्याचा कौल कोणीकडे झुकणार हे उघडच होते. देशभरात श्रीमती पाटील यांना ६,३८,११६, तर श्री. शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते पडली. मतदान गुप्त असल्याने कोणत्या आमदाराने कोणास मत दिले, हे सांगता येत नाही. सांगू पाहणाऱ्यांवर फारसा विश्वासही ठेवू नये.

त्या वेळी सिंधुदुर्गात सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण व देवगड असे चार मतदारसंघ होते. म्हणजे जिल्ह्याचे मूल्य ७००. पुढे २००८ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली, ती मात्र २००१ च्या जनगणनेवर. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ८,६८,८२५ होती. चाकरमान्यांची गणती मुंबईत होते, गावात नव्हे. जिल्ह्याच्या वाट्याला तीनच जागा आल्या. मालवण हे कुडाळ मतदारसंघात गेले.

येथे एक विसंगती ध्यानी घेण्यासारखी आहे. जागांची वाटणी नव्या जनगणनेने झाली, पण मताचे मूल्य १९७१ चेच राहिले. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत गोठविले आहे. राज्याचे एकूण मूल्य ५०,४०० कायम राहिले. सिंधुदुर्गाचे मात्र २०१२ च्या राष्ट्रपती निवडणुकीपासून ५२५ झाले.